रुखवताची उतरंड

२ मार्च २०२५

ही डायरी एका पतपेढीने हेमकांतरावांना दिली आहे. हेमकांतराव म्हणजे माझे यजमान, इथे प्रकाशा गावात हायस्कुलात क्लार्क. त्यांना दरवर्षी तीन-चार संस्था डायऱ्या देतात आणि ते एकीतही अक्षर लिहीत नाहीत. लिहिण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही घडू नये याची ते स्वतःच काळजी घेतात.

काल रुचिकाने ही माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं की मम्मी, लग्न होईपर्यंत तुला ज्याला जे बोलावंसं वाटेल ते यात लिही, तोंडाने बोलू नकोस. पोटच्या पोरीने आईला तोंड बंद ठेवायला सांगायचं आणि वर पेनही द्यायचा. पेनाला टोपण नाही.

कारण काय, तर गेल्या वर्षी दोंडाईच्याचं स्थळ सुपारी फुटल्यावर मोडलं आणि ते म्हणे माझ्यामुळे मोडलं. मुलाचा काका तिसऱ्यांदा गाडीचा विषय काढत होता. मी फक्त एवढंच विचारलं की नवरदेवाच्या पायांना काही झालंय का. हा काळजीचा प्रश्न आहे. त्यांनी तो मनाला लावून घेतला यात माझा काय दोष? रुचिका नंतर बरेच दिवस नीट जेवत नव्हती, पण तेव्हा उन्हाळाही कडक होता.

आता म्हसावदचं ठरलंय. मुलगा पवन, साखर कारखान्यात केमिस्ट. त्याचा फोन आला की रुचिका वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाते आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने खाली येते. तेव्हा हे लग्न व्हायला हवं, हे मलाही कळतं. मी काही वैरीण नाही तिची.

फक्त मुलाची आई. मीनाबाई. सुपारीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमले काही नको. देवनं दिधेल बठ्ठं शे. फक्त रुखवत तेवढं डोळाम भराले पाहिजे." काही नको म्हणणाऱ्या माणसांना नेमकं काय हवं असतं ते मला पहिल्या दिवसापासून कळतं. मी 'बरं' म्हटलं. रुचिका माझ्याकडे बघत होती.

६ मार्च

शहाद्याला जाऊन आले. तिथे आता रुखवत भाड्याने मिळतं. थर्माकोलचं देऊळ, प्लॅस्टिकच्या तुळशीवृंदावनात दिवा, आणि बटण दाबलं की पाणी उडवणारं कारंजं. वधूच्या हातचं काम म्हणून मांडायचं आणि संध्याकाळी टेम्पोने परत करायचं. दुकानदार म्हणाला, मागच्या आठवड्यात हेच देऊळ तळोद्याला गेलं होतं. म्हणजे त्या देवळाचं आतापर्यंत माझ्यापेक्षा जास्त फिरणं झालंय.

मी ठरवलं, रुखवत मी स्वतः करणार. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात एक बाई जुनी ताटं-वाट्या एकावर एक चढवून तीन मजली स्टँड करते. मजल्यामजल्यावर लाडू, करंज्या, अनारसे. आपल्याकडे मडक्यांची उतरंड असते तशीच, फक्त ताटांची. त्या बाईला दहा मिनिटं लागली. मी दोन दिवस धरते.

हेमकांतरावांना सांगितलं. ते म्हणाले, बघ बुवा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या प्रत्येक योजनेवर त्यांचं हेच मत आहे.

११ मार्च

शहाद्याबाहेर मगनभाऊचं भंगारचं दुकान आहे. भंगार विकत घ्यायला आलेली बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. त्याने आधी मला पाणी दिलं आणि मग हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

मिळालेली संपत्ती अशी: उभ्या पंख्याचा दांडा, खालच्या गोल लोखंडी बुडासकट. एक पितळी समई, जिच्या मोराची मान कोणीतरी आधीच वेगळी विकली आहे. स्टीलचे काही पेले. आणि ताटं. ताटांची एक अख्खी चळत कोपऱ्यात कापडात बांधून ठेवली होती, लहान-मोठी, चकचकीत.

"ताई, कोरा माल शे," मगनभाऊ म्हणाला. "एकदाबी कोनी जेवेल नही यासमा."

कोरी ताटं भंगारात कोण देतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, एक बाई रिक्षात घालून घेऊन आली होती, डोक्यावर पदर, तोंड अर्धं झाकलेलं. ठेवली आणि निघून गेली, भावसुद्धा केला नाही. यावर माझा बिलकूल विश्वास नाही. भाव न करता भांडी विकणारी बाई खानदेशात अजून जन्माला यायची आहे. चोरीची असतील. पण रुखवतात चोरीची ताटं चालत नाहीत असं कुठे लिहिलेलं नाही.

१६ मार्च

ताटं घासायला बसले तर काठावर मशीनने टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव निघालं. 'कै. तापीबाई दोधू पाटील यांच्या स्मरणार्थ.'

म्हणजे कोणाच्या तरी उत्तरकार्यात वाटलेली ताटं. यात नवल नाही. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर मेलेल्या माणसांची नावं आहेत. वरण एका मामेसासऱ्यांच्या पातेल्यात शिजतं आणि हेमकांतराव रोज पाणी पितात ते त्यांच्याच जुन्या मुख्याध्यापकांच्या तांब्यातून. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने भांडं वाटायचं आणि ते भांडं त्या माणसापेक्षा जास्त दिवस घरात टिकतं. पण लग्नाच्या रुखवतात 'कैलासवासी' बरं दिसणार नाही, एवढं मलाही कळतं.

या तापीबाई पाटील कोण असतील? पाटील म्हटल्यावर अख्खा तालुका संशयित. आमचंही आडनाव तेच.

सोनेरी रंग आणला आणि काठांना लावला. जास्तीचा रंग फडक्याने पुसला, तर बाकी सगळीकडचा गेला आणि टिंबांमध्ये तेवढा बसला. आता 'कै. तापीबाई' सोन्याच्या अक्षरांत झळकतंय. त्यांच्या मुलांनी हयातीत केला नसेल एवढा मान मी केला.

२३ मार्च

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. व्हिडिओतली बाई खोटं बोलते.

पहिल्यांदा मी फेव्हिकॉलवर भागवलं. सकाळी वरचं ताट खाली आलं, त्याने मधलं घेतलं, मधल्याने खालचं. एवढा आवाज झाला की शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं आमच्यात भांडण झालं. हेमकांतराव तेव्हा खुर्चीत पेपर वाचत होते आणि त्यांनी पान उलटण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांना भांडण येत असतं तर मी एवढी बोलकी झालेच नसते.

मग ताटं भिला वेल्डरकडे नेऊन मधोमध भोकं पाडून आणली. पंख्याच्या दांड्यात ताट ओवायचं, त्यावर उलटा पेला, मग पुढचं ताट. जोडावर एम-सील. आता ते हलत नाही. माझी नणंद एकदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा हलत नव्हती, तसं.

नावं झाकायला माझ्या जुन्या शालूचा जरीचा काठ कापून ताटांना गोल झालर लावली. शालू लग्नातला. हेमकांतरावांनी ते पाहिलं आणि प्रथमच पेपर खाली ठेवला. काही बोलले मात्र नाहीत. मी वाट पाहिली होती थोडी.

१६ एप्रिल

आज बस्ता झाला. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची मंडळी सुरतला गेलो होतो. मीनाबाईंनी दुकानात साठेक साड्या उलगडायला लावल्या आणि म्हणाल्या, आमचं काय, आम्ही साधी माणसं. मी गप्प. दुकानदारालाही हसू आलं होतं, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पण खरी मजा परतीच्या गाडीत झाली.

पवन गाडी चालवत होता. मीनाबाई माझ्या शेजारी बसून, दर वाक्याला मला विहीणबाई म्हणत, आपल्या सासूच्या उत्तरकार्याचं वर्णन करत होत्या. किती पंगती उठल्या, किती बुंदी पाडली. आणि मग म्हणाल्या, गावात प्रत्येक घरी स्टीलचं ताट दिलं. "एक घर सोडं नही याहीनबाई. एक ताट उरनं नही."

माझ्या डोक्यात तेव्हा काही आलं नव्हतं. सहज विचारलं की सासूबाईंचं नाव काय होतं. त्या म्हणाल्या, "तापीबाई."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. नाहीतर माझा चेहरा त्यांना दिसला असता.

विसरवाडीच्या चौफुलीवर पवनने गाडी हळू केली. तिथे त्याच्या फुईचं, म्हणजे मीनाबाईंची एकुलती नणंद बेबीबाई, तिचं हायवेला हॉटेल आहे. पवन म्हणाला, चहा घेऊ तिथे. मीनाबाई म्हणाल्या, "चाल, उशीर व्हयी ऱ्हायना." ऊन अजून उतरलं नव्हतं आणि उशीर कशाला होत होता ते देवाला माहीत. हॉटेल मागे जाईपर्यंत मान वळवून तिकडे बघत राहिल्या. तोरा तरी किती असावा.

पुढे पवननेच सांगितलं. जमिनीवरचा हक्क सोडायचा कागद झाला तेव्हापासून फुई माहेरी आलेली नाही. आईच्या उत्तरकार्यालाही आली नाही आणि तिच्या सासरची, तिच्या बाजूची सगळी माणसंही आली नाहीत. मीनाबाई त्याला म्हणाल्या, गाडी चालव. मग प्रकाशा येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटतं गाडी लागली असावी, डोळे पुसत होत्या.

घरी येऊन आधी चादर काढून उतरंड बघितली. झालर उचलली. कै. तापीबाई दोधू पाटील. पवनच्या आजोबांचं नाव दोधू, हे मी सुपारीतच ऐकलं होतं.

एक ताट उरलं नाही म्हणे. उरलेली सगळी माझ्या खोलीत उभी आहेत, बाई. सासूच्या नावाची ताटं भंगारात घातली आणि आता माझ्याकडे डोळ्यांत भरणारं रुखवत मागते. भरेल. असं भरेल की पाणी काढेल.

इतका आनंद मला रुचिका दहावी पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

२० एप्रिल

पुढच्या बाजूच्या ताटाची झालर काढून टाकली. नाव बरोबर समोर येईल असं फिरवून ठेवलं. मी काहीच बोलणार नाही, अट अटच. फक्त ताट बोलेल.

आज रविवार, रुचिका घरी होती. नाव बघून तिने विचारलं, हे काय. मला राहवलं नाही, सगळं सांगितलं, मगनभाऊ, रिक्षा, अर्धं झाकलेलं तोंड. मला वाटलं ती हसेल. ती लहानपणी माझ्या सगळ्या नकलांना हसायची.

ती पलंगावर बसली. मग म्हणाली, "मम्मी, तू एक दिन जिंकशी. मले तठे जनमभर ऱ्हानं शे."

मी म्हटलं, अगं पण खोटं त्या बोलल्या, मी नाही. ती म्हणाली, दोंडाईच्यालाही तूच खरी होतीस. आणि उठून कपडे काढायला गच्चीवर गेली. फोन खालीच राहिला होता.

झालर परत चिकटवली. फेव्हिकॉल संपत आला होता म्हणून थोडी ढिली बसली. असू दे. कोण ओढून बघणार आहे?

मला राग आला आहे आणि तो नेमका कोणाचा आहे ते कळत नाही. मीनाबाईंचाच असणार.

३० एप्रिल

आज आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. सकाळी पितरांच्या घागरी भरल्या. सासरे, सासू, माझी आई. घागरींवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. एक घागर जास्त आणली गेली होती, कुंभारणीने मोजताना चूक केली. मग ती तापीबाईंच्या नावाने भरली. ताटं आमच्याकडे, तर जेवणही आमच्याकडेच. हेमकांतरावांनी विचारलं, ही कोणाची? मी म्हटलं, पाहुण्यांची.

गल्लीत माहेरवाशिणींनी झोका बांधलाय आणि दुपारपासून गाणी चालू आहेत. रुचिकाची ही घरातली शेवटची आखाजी. पुढच्या वर्षी पाहुणी म्हणून येईल. विसरवाडीची ती फुई आज हॉटेलात पोळ्या लाटत असेल. आखाजीला माहेरी न जाणारी बाई म्हणजे कमालच. मला तर माहेर उरलं नाही तरी आज दिवसभर रस्त्याकडे लक्ष होतं.

७ मे

हळद लागली. लाडू, करंज्या, अनारसे, सांजोऱ्या, सगळं उतरंडीवर मांडून झालं. सगळ्यात वर समई, तिच्या मान नसलेल्या मोराला मोगऱ्याचा गजरा गुंडाळला. खरं सांगायचं तर सुंदर दिसतेय. इथे कोणी ऐकत नाही म्हणून लिहिते.

पवन स्वतः विसरवाडीला जाऊन फुईच्या पाया पडून आला. ती येणार आहे. रुचिकाने मला ही बातमी दिली आणि माझा हात धरून म्हणाली, मम्मी, एक दिवस. हळदीने माझं मनगट पिवळं झालं. मी अजून धुतलेलं नाही.

९ मे

काल लग्न झालं. आता लिहिते, क्रमाने.

नवरदेवाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. रुखवत नुसतं बघायचं नसतं. उचलायचं, वाजवायचं, वास घ्यायचा, आणि मग 'बरं शे' म्हणायचं, ज्याचा अर्थ बरं नाही असा होतो. मीनाबाई पुढे, जांभळा शालू, गळ्यात वजन. त्यांच्यापासून चार हात अंतर ठेवून एक उंच, रापलेली बाई उभी होती. साडी साधी, चेहरा दगडी. मी ओळखलं, बेबीबाई. दोघी एकमेकींकडे सोडून मांडवातल्या प्रत्येक वस्तूकडे बघत होत्या.

मीनाबाईंनी उतरंडीला एक फेरी मारली. दोष शोधत होत्या आणि सापडत नव्हता. तेवढ्यात बेबीबाईंनी हात पुढे केला आणि जरीचा काठ अस्सल आहे का म्हणून बोटाने ओढून बघितला. तो निघून हातात आला.

सोन्याची अक्षरं. बायका वाकून वाचायला लागल्या. कोणीतरी मोठ्याने वाचलंसुद्धा, शाळेत वाचतात तसं, कैलासवासीपासून.

"हाई मन्ही मायनं नाव शे," बेबीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "हाई ताट आठे कसं उनं?"

मीनाबाईंचा चेहरा मी पाहिला. हळदीपेक्षा पिवळा. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मला सगळं माहीत आहे हेही कळलं होतं.

आता हे नीट लिहून ठेवते, कारण असा क्षण माझ्या आयुष्यात परत येणार नाही. वाक्य तयार होतं. गेले तीन आठवडे ते मी भाकऱ्या थापताना घोळवून गुळगुळीत केलं होतं. 'तुमच्या वहिनीला विचारा.' फक्त तीन शब्द. टोमणाही नाही, साधी माहिती. पलीकडे आडोशाला रुचिका मुंडावळ्या बांधून बसली होती आणि तिला तिथून सगळं ऐकू जात होतं.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "तुमना वाटानं शे ते, फुईबाई. तुमनी वहिनीनी ठेयेल व्हतं. पवनना लगीनमा तुमना हाते लागाले पाहिजे, म्हनीसन मन्हाकडे दिधं."

हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मांडवात उकडत होतं, त्याचा परिणाम असावा.

बेबीबाई ताटाच्या काठावरून, त्या टिंबांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग मागचं ताट बघितलं, मग वरचं. सगळ्यांवर तेच नाव. त्यांच्याकडून किती माणसं यायची राहिली होती ते त्यांनी मनात मोजलं असणार. हळूच विचारलं, "मंग भोक कसाले पाडं?"

मीनाबाई खाली बघत होत्या. म्हणजे हेही मलाच.

"बठ्ठा जन एकच खांबले ऱ्हावोत, म्हनीसन," मी म्हटलं. सगळे एका खांबाला राहावेत म्हणून भोक! एकदा खोटं सुरू केलं की ते आपोआप चांगलं जमायला लागतं.

तेव्हा ती दगडी बाई रडली. तोंडात पदर घालून, उभ्या उभ्या, आवाज न करता. मीनाबाईंनी दोन पावलं टाकली आणि थांबल्या. बेबीबाईंनी न बघताच हात लांब केला आणि त्यांच्या दंडाला धरलं. मग मात्र दोघींनी मिळून एवढा आवाज केला की बाहेरच्या बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. त्यांना वाटलं नवरी निघाली.

बाकीच्या बायका मीनाबाईंना म्हणत होत्या, काय मन आहे बाई तुझं. मोठ्या मनाची बाई. मी लाडू पुढे करत होते. हा माझा दोन महिन्यांचा घाम, माझा शालू, माझी करामत, आणि मोठ्या मनाच्या कोण, तर त्या. मी गप्प. पेन घरी होता.

जाताना बेबीबाईंनी एक ताट काढून घ्यायचा प्रयत्न केला. सुटलं नाही. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि अख्खी उतरंड, पंख्याच्या बुडासकट, लाडवांसकट, आपल्या गाडीत घातली. नवरदेवाकडे गेलं ते नुसतं बाकीचं रुखवत, दोन पडदे आणि एक विणलेला ससा. मीनाबाईंनी हूं की चूं केलं नाही.

निघायच्या वेळी त्या मला बाजूला घेऊन गेल्या, चुलीपाशी, आचारी भांडी आवरत होते तिथे. म्हणाल्या, "घरमा ठेवू तं रोज डोळासमोर येय, याहीनबाई. ज्या उनात नहीत, त्यासना वाटानं व्हतं ते. रोज कसं देखू मी?"

जे आलेच नाहीत त्यांच्या वाट्याची ताटं, ती रोज कशी बघायची. मी त्यांचा पदर सरळ केला, खांद्यावरून घसरला होता.

नंतर रुचिका गेली. त्याबद्दल लिहीत नाही.

११ मे

काही नाही. मांडव सोडला. हेमकांतराव दुपारी रुचिकाच्या खोलीत जाऊन पंखा बंद करून आले. पंखा बंदच होता.

उरलेले अनारसे मऊ पडले.

१५ मे

आज रुचिकाचा फोन आला, जरा निवांत असा. बरी आहे. पवन रविवारी तिला विसरवाडीला फुईकडे घेऊन गेला होता, मीनाबाईही सोबत गेल्या. उतरंड हॉटेलच्या गल्ल्यावर ठेवली आहे आणि तिच्यावर बडीशेप, खडीसाखर, सुपारी मांडली आहे. ट्रकवाले येता-जाता तापीबाईंच्या ताटातली बडीशेप तोंडात टाकतात. बेबीबाई प्रत्येकाला सांगतात की ही मन्ही मायनी शे.

मग हसायला लागली. म्हणाली, सासूबाई घरी येणाऱ्या प्रत्येकीला तुझ्याबद्दल सांगतात. मी म्हटलं, काय सांगतात?

"म्हनतीस, आमनी याहीन भलती अबोल शे. चार शब्द बोलस, पन मोजीसन बोलस."

अबोल. मी. मी हे हेमकांतरावांना मोठ्याने सांगितलं. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. सत्तावीस वर्षांत या माणसाला मी एवढं हसवलं नव्हतं, मीनाबाईंनी ते एका वाक्यात केलं.

फोन चालूच होता. रुचिका म्हणाली, "मम्मी, आते लगीन व्हयी गयं. सुटनी तू. काय बोलनं शे ते बोल, मी ऐकी ऱ्हायनी."

अडीच महिने मी याच परवानगीची वाट बघत होते. केवढं साठवलं होतं. सुरतच्या साठ साड्या होत्या, विणलेला ससा होता, मोठं मन होतं. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि पलीकडे ती थांबून राहिली.

मी विचारलं, जेवलीस का.